महाकाली दरवाज्यावरचं नाव

माझं माहेर परतवाडा, सासर अकोट. लग्नाआधी उत्तरेकडे पाहिलं की गाविलगडाचा डोंगर दिसायचा, लग्नानंतर नरनाळ्याचा. सातपुडा तोच, गड वेगळा. अकोटच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला. या दोन गडांना एकाच माणसाने जोडलंय हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, आणि नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मीही ते कुठल्या पोराला सांगितलं नाही. त्याची खंत आहे म्हणून हे लिहिते आहे.

एका हिवाळ्यात सातवीच्या मुलांना घेऊन नरनाळ्याला गेले होते. पोपटखेड ओलांडून शहानूर, तिथून चढ. शहानूर दरवाजा झाला, मेंढा दरवाजा झाला, मग महाकाली दरवाजा आला आणि पन्नास पोरांचा कलकलाट एकदम थांबला. ज्यांनी हा दरवाजा पाहिला नाही त्यांना कसं सांगू? सगळा चढ काळ्या, ओबडधोबड दगडातून होतो, आणि मग अचानक फिकट पांढऱ्या वालुकाश्माची उंच कमान पुढ्यात उभी राहते. तिच्यावर कोरलेली कमळं, दोन्ही अंगांनी बाहेर आलेले नाजूक सज्जे, वर अरबी अक्षरांच्या ओळी. पहिल्या बाकावर बसणारा एक पोरगा मान वर करून बराच वेळ पाहत राहिला.

"मॅडम, थे वर काय लिवलं हाये?"

"शिलालेख आहे तो. अरबी भाषेत."

"पन लिवलं काय हाये त्यात?"

मी म्हटलं, "चला, ऊन चढायच्या आत नऊगजी तोफ पाहून घेऊ." पोरगा गुमान चालू लागला. पुढे कितीतरी वर्षं तो प्रश्न माझ्या मनात तसाच राहिला. इतिहासाच्या बाईंना आपल्याच तालुक्यातला दगड वाचता येत नव्हता, आणि तो वाचून घ्यावा असंही तोवर वाटलं नव्हतं.

नंतर अकोटातल्या एका म्हाताऱ्या मौलवींना मी विनंती केली. गुडघे दुखत असतानाही ते आले. कपाळावर हात धरून त्यांनी ओळ न् ओळ वाचली, मग खाली पायरीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "बाई, यात दोन मानसायची नावं हायेत. एक बादशहाचं, आन् एक ज्यानं बांधलं त्याचं."

बादशहा म्हणजे बिदरचा शहाबुद्दीन महमूदशहा बहमनी. बांधणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क. साल हिजरी ८९२, म्हणजे सुमारे १४८७.

हा फतहुल्ला म्हणजे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक. सातवीच्या पुस्तकात बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले असं येतं आणि पाच नावं येतात: वऱ्हाडची इमादशाही, बिदरची बरीदशाही, विजापूरची आदिलशाही, अहमदनगरची निजामशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही. आदिलशाही आणि निजामशाही शिवरायांच्या चरित्रात पुन्हापुन्हा भेटतात, म्हणून ती मुलांच्या लक्षात राहतात. इमादशाही पुन्हा कुठे भेटत नाही. परीक्षेत एका गुणाच्या जोड्या लावायला येते, बस. वऱ्हाडातल्या पोरालाही ती तेवढीच ठाऊक. स्वतःच्या घराचा पत्ता त्याने जोड्या लावून ओळखायचा, ही गोष्ट मला सहन होत नाही.

फतहुल्लाची गोष्ट कादंबरीसारखी आहे. फरिश्ता या इतिहासकाराने ती लिहून ठेवली. मुलगा कन्नड मुलखातला, हिंदू घरातला. विजयनगरवरच्या एका स्वारीत तो बहमनी फौजेच्या हाती लागला. लढाईत धरलेल्या माणसांबरोबर पोरंही वाटली जायची, तशी या पोराची वाटणी झाली आणि तो वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी आला. आई, बाप, भाषा, देव, नाव, सगळं मागे राहिलं. हातात तलवार आली आणि वऱ्हाडची वाट आली. खानजहानच्या अंगरक्षकांत त्याची उभारी झाली. पुढे मुहम्मदशहा तिसरा याच्या काळात वजीर महमूद गावानच्या मेहेरबानीने त्याला इमाद-उल-मुल्क हा किताब मिळाला आणि १४७१ मध्ये वऱ्हाडचा कारभार मिळाला. या किताबाचा अर्थ राज्याचा खांब.

असाच एक पोरगा त्याच काळात आणखी एका घरातून उचलला गेला होता, हे मी मुद्दाम सांगते. पाथरीच्या ब्राह्मण कुळातल्या भैरवाचा मुलगा विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेला सापडला आणि त्याचा मलिक हसन झाला. त्याचाच मुलगा मलिक अहमद निजामशाहीचा संस्थापक. म्हणजे वऱ्हाड आणि अहमदनगर या शेजारच्या दोन्ही राज्यांच्या मुळाशी युद्धात घर हरवलेलं एकेक पोर आहे. पुढे पाथरीवरून हीच दोन राज्यं पिढ्यान्पिढ्या भांडली. निजामशहांना पाथरी आपल्या पूर्वजांचं गाव म्हणून हवी होती, इमादशाही ती सोडायला तयार नव्हती.

आता पुन्हा दरवाज्याकडे येऊ, कारण मला जे म्हणायचंय ते त्या दगडात आहे.

महमूद गावान हा त्या काळचा सर्वांत शहाणा कारभारी. सुभेदार फार माजू नयेत म्हणून त्याने बहमनी राज्याच्या चार सुभ्यांचे आठ केले. वऱ्हाडचेही दोन भाग झाले. गाविलगडाचा भाग फतहुल्लाकडे राहिला, माहूरचा खुदावंदखान हबशीकडे गेला. दुसरा नियम असा की सुभेदाराच्या ताब्यात एकच किल्ला राहील, बाकी किल्ल्यांवर सुलतानाचे स्वतःचे किल्लेदार असतील. कायदा चांगला होता. ज्यांचे हात बांधले गेले त्यांना तो रुचला नाही. गावानच्या वैऱ्यांनी त्याच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला लिहिलेलं खोटं पत्र तयार केलं, ते नशेत असलेल्या सुलतानापुढे ठेवलं, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत त्या म्हाताऱ्या वजिराचं डोकं उडवलं गेलं.

त्या दिवसानंतर फतहुल्लाने आपली छावणी सुलतानाच्या छावणीपासून दूर नेली. खुदावंदखानही त्याच्याबरोबर गेला. सुलतानाने कारण विचारलं तेव्हा या दोघांनी कळवलं त्याचा आशय असा, की गावानसारख्या माणसाला खोट्या पुराव्यावर मारलं जातं तिथे आमच्या जिवाची हमी कोण देणार? माझ्या लेखी वऱ्हाडचं राज्य या प्रश्नातून जन्मलं. लढाई नंतरची, स्वतःच्या नावाचा खुतबा नंतरचा. ज्याने आपल्याला वर आणलं त्याचा अन्यायाने जीव घेतला गेला आणि या माणसाने दरबाराला पाठ दाखवली.

पुढच्याच वर्षी मुहम्मदशहा वारला आणि पोरसवदा महमूदशहा गादीवर आला. बिदरात दख्खनी सरदार आणि परदेशी सरदार एकमेकांच्या जिवावर उठले. आणि इकडे वऱ्हाडात फतहुल्लाने १४८७ च्या सुमारास नरनाळ्याला महाकाली दरवाजा बांधला, १४८८ मध्ये गाविलगडाची दुरुस्ती केली. ज्याला एकाच किल्ल्याचा हक्क होता त्याने दोन वर्षांत दोन किल्ल्यांवर बांधकाम काढलं! गावानचा नियम कधी मेला ते कुठल्या फर्मानात शोधायला नको, या दोन गडांवर ते दिसतं. तरीही शिलालेखात पहिलं नाव सुलतानाचंच. ज्या सुलतानाचं बिदरच्या वाड्याबाहेर कुणी ऐकत नव्हतं, त्याचं नाव फतहुल्लाने वर कोरलं आणि आपलं त्याच्या मागे. मौलवीसाहेबांनी ती दोन नावं वाचली तेव्हा मला हे समजलं. राज्य असं उभं राहतं. आधी भिंत पक्की होते, धान्याची कोठारं भरतात, वाटा ताब्यात येतात, आणि गादीचं नाव सर्वांत शेवटी बदलतं. ते १४९० मध्ये बदललं. त्याच सुमाराला विजापूर आणि अहमदनगरही वेगळे झाले.

हे दोनच गड त्याने का निवडले, तेही पाहा. नकाशा घेऊन बसायची गरज नाही, एकदा नरनाळ्याच्या कड्यावर उभे राहा. पाठीमागे मेळघाटाच्या रांगांमागून रांगा, त्यापलीकडे खेरला आणि माळवा. माळव्याच्या सुलतानांचा डोळा वऱ्हाडावर कायम. पुढे पायनघाटाचा सपाट पट्टा, पूर्णेचं खोरं, काळी कसदार माती. डोंगरातून खाली उतरणाऱ्या वाटांवर अकोटच्या बाजूने नरनाळा आणि अचलपूरच्या बाजूने गाविलगड हे दोन अडसर. हे अडसर ज्याच्या हातात, सारा त्याच्या हातात. फतहुल्लाने कोपऱ्यातला सुभा घेतला आणि अचलपूर राजधानी करून त्याचं राज्य केलं.

गाविलगडाबद्दल दोन शब्द माहेरवाशिणीच्या हक्काने. चिखलदऱ्याला आलेल्या पाहुण्याला आमच्याकडे कीचकाची दरी दाखवतात, भीमाने कीचकाला कसं मारलं ते सांगतात. मग १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने हा गड भोसल्यांकडून घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, हेही सांगतात. सांगायलाच हवं. पण दिल्ली दरवाज्यावर थांबून वर बघा असं कुणी म्हणत नाही. तिथे गंडभेरुंड कोरलाय, दोन डोक्यांचा पक्षी, पंज्यांत हत्ती पकडलेले. गंडभेरुंड हे विजयनगरकडचं चिन्ह. सातपुड्याच्या टोकावर, मुसलमान सरदाराच्या दरवाज्यावर ते कसं आलं? अभ्यासकांनी त्याचा संबंध फतहुल्लाच्या मूळ मुलखाशी जोडलाय. मला तो मनापासून पटतो. लहानपणी ज्याचं सगळं हिरावलं गेलं त्याच्या डोळ्यांपुढे घरच्या दाराचं चित्र राहिलं असेल, तर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं दार उभारताना ते बाहेर येणारच. लहानपणी वडिलांबरोबर गेले तेव्हा मी त्या पक्ष्याला गरुड समजत होते. आता त्या दरवाज्याखाली उभी राहिले की गळा दाटून येतो.

लहानपणी सगळं गमावून पुढे घराणं उभारणारी माणसं जगाच्या इतिहासात थोडी आहेत. चीनच्या मिंग घराण्याचा पहिला सम्राट झू युआनझांग हा त्यांतला सर्वांत मोठा. जन्म १३२८, घर अठराविश्वे दरिद्री. १३४४ च्या दुष्काळात आणि साथीत आईबाप गेले, पोरगा मठात राहिला, भिक्षा मागत फिरला, मग मंगोल सत्तेविरुद्धच्या लाल फेटेवाल्यांच्या बंडात सामील झाला. १३५६ मध्ये त्याने नानजिंग घेतलं. १३६३ मध्ये पोयांग सरोवरावर मोठ्या नौदलाशी लढून प्रतिस्पर्ध्याला संपवलं आणि १३६८ मध्ये सम्राट झाला. त्याने घराघरांची शिरगणती केली, जमिनींच्या नोंदी केल्या, ओसाड रानं लागवडीखाली आणली. पण उपाशी पोराचा संशय त्याला सुटला नाही. १३८० मध्ये त्याने आपल्या मुख्य मंत्र्याला मारलं आणि ते पदच काढून टाकलं. एकेका खटल्यात हजारोंचे जीव गेले, बरोबर लढलेले सेनापतीही गेले. १३९८ मध्ये तो वारला आणि वर्षभराने त्याचा मुलगा आणि नातू एकमेकांवर तलवार घेऊन उठले.

या दोघांना मी एका तागडीत घालत नाही. चीनचा पसारा कुठे, आमचा पायनघाट कुठे. पण दोघांच्याही हातून लहान वयात सगळं सुटलं होतं आणि दोघांनीही घराणं उभं केलं. एकाने सोबत्यांचं रक्त सांडून गादी घट्ट केली. दुसऱ्याने आपल्या उपकारकर्त्याच्या खुनानंतर पाय मागे घेतला, नाममात्र धन्याचं नाव मात्र दगडावर राहू दिलं. मला यातला दुसरा जवळचा वाटतो, आणि तो आमच्या अकोट-अचलपूरचा आहे. नानजिंगला झू युआनझांगची समाधी आहे, २००३ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. आमच्या महाकाली दरवाज्यापाशी पोराला ‘वर काय लिवलं’ हे सांगणारी चार ओळींची मराठी पाटी मला आजवर भेटलेली नाही.

फतहुल्ला १५०४ च्या सुमारास गेला. त्याच्या मागे अलाउद्दीन, दर्या आणि बुऱ्हाण, म्हणजे मुलगा, नातू आणि पणतू, असे गादीवर बसले. १५६५ मध्ये विजयनगरविरुद्ध बाकीच्या चारही शाह्या तालिकोटच्या लढाईत उतरल्या, वऱ्हाड त्यात नव्हतं. तोवर घराची सूत्रं तोफालखान या सरदाराच्या हाती गेली होती. त्याने पोरवयाच्या बुऱ्हाण इमादशहाला कैदेत टाकलं, तेही नरनाळ्यावर. पणजोबाने बांधलेल्या त्याच दरवाज्याआड पणतू कोंडला गेला. १५७४ मध्ये मुर्तझा निजामशहाने नरनाळा आणि गाविलगड घेतले, तोफालखान आणि बुऱ्हाण दोघांनाही धरून नेलं, आणि वऱ्हाडचं राज्य संपलं.

त्यानंतरची यादी आम्हाला पाठ आहे. अहमदनगर, मग १५९६ मध्ये चांदबिबीच्या तहाने मोगल, मग १७२४ मध्ये आमच्याच बुलढाण्यातल्या साखरखेर्ड्याची लढाई जिंकून उभा राहिलेला हैदराबादचा निजाम, १८५३ पासून इंग्रज, १९०३ पासून मध्य प्रांत, मग मुंबई. कधी एक मालक, कधी दोन, सारा मात्र आमचाच. गेल्या हजार वर्षांत वऱ्हाडचा कारभार वऱ्हाडातूनच चालला असा काळ शोधायला बसले तर मला ही ऐंशी-पंच्याऐंशी वर्षंच दिसतात. आमच्या मागासलेपणावर, अनुशेषावर सभा होतात, भाषणं होतात. त्यात या काळाचा उल्लेख एका वक्त्याच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

मी हे बोलते तेव्हा काही जण विचारतात, की बाई, तो कन्नड, त्यातून मुसलमान झालेला, आपला कसा? शाळेच्या स्टाफरूममध्येही मला हे विचारलं गेलंय. मी त्यांना सांगते, धरून आणलेल्या पोराला कुणी विचारलं नव्हतं की तुला कोण व्हायचंय. तो वऱ्हाडात वाढला, वऱ्हाडात लढला, वऱ्हाडाची वाट राखली आणि वऱ्हाडातच राज्य केलं. त्याच्या कोठारात पायनघाटच्या कुणब्याने पिकवलेलं धान्य होतं. तो संत नव्हता, सरदार होता, आणि सरदाराची सगळी लढाई, सगळी वसुली त्याच्या नावावर आहे. ती मुलांपुढे तशीच ठेवावी. पण त्याला वगळून शिकवलेला वऱ्हाडचा इतिहास अर्धा आहे. आणि ज्यांना विजयनगरचा अभिमान वाटतो त्यांनी त्या साम्राज्याचं चिन्ह पाहायला हंपीला जरूर जावं, पण आधी चिखलदऱ्याला यावं.

माझं मागणं मोठं नाही. दोन दरवाजे, दोन पाट्या. पुरातत्त्व खातं, वनखातं आणि अकोला-अमरावतीच्या जिल्हा परिषदा यांनी एकत्र बसावं आणि महाकाली दरवाज्याला मराठीत इतकंच लिहावं: हा दरवाजा हिजरी ८९२ म्हणजे सुमारे १४८७ मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने बांधला, वर त्याचं आणि सुलतान महमूदशहा बहमनीचं नाव कोरलेलं आहे, पुढे हाच वऱ्हाडचा पहिला इमादशहा झाला. गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्याला गंडभेरुंडाची ओळख लिहावी. दगडाला खिळा ठोकू नये, पाटी बाजूला खांबावर उभी करावी. पांढऱ्या वालुकाश्मावर खडूने आणि खिळ्याने कोरलेली प्रेमवीरांची नावं आधीच कमी नाहीत. ती पाहून जीव तुटतो. शिलालेखातली अक्षरं कुणी वाचलीच नाहीत, तर तीही अशाच रेघोट्या वाटणार.

अकोट, तेल्हारा, अचलपूर, चांदूरबाजारच्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. सातवीचा बहमनी राज्याचा धडा येईल तेव्हा ती पाच नावं फळ्यावर लिहून पुढे जाऊ नका. पोरांना घेऊन गडावर जा. वनखात्याची परवानगी आधी काढा, पाणी भरपूर घ्या, चढ सकाळीच करा. महाकाली दरवाज्यापाशी पोरांना खाली बसवा आणि वर बोट करून ती दोन नावं वाचून दाखवा. त्या दिवशी ज्या पोराला मी गप्प केलं तो आज चाळिशी ओलांडून गेला असेल. त्याच्या वाचनात हा लेख आला, तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर लिहिलं आहे.